कॅरियरवरचं ओझं

देवरावांना माणूस पारखायचा असला की ते त्याच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या सायकलच्या कॅरियरकडे बघत. तोंड खोटं बोलू शकतं, कॅरियरला ती सोय नाही, असं त्यांचं म्हणणं. दुधाच्या कॅना वाहणाऱ्याच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी पोचे असतात. जळणाच्या मोळ्या वाहणाऱ्याचं मधोमध बसकं झालेलं असतं. पाववाल्याच्या पेटीनं चारी कोपऱ्यांचा रंग खरवडलेला असतो. आणि ज्याचं कॅरियर नवंकोरं चकाकतं, तो एक तर साहेब असतो, नाही तर कोणाचा तरी जावई.

एरवी हा त्यांचा नाद म्हणून लोकांनी सोडून दिला असता. पण देवराव काटोल नाक्याच्या शर्यतीचे पंच होते, आणि तिथं त्यांच्या या नादावरच सगळा कारभार चाले. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपलं की नाक्यावरून सायकली सुटत, कळमेश्वरला वळसा घालून परत नाक्यावर येत. नियम एकच आणि तो देवरावांनीच घालून दिलेला: रोजच्या कामाची सायकल आणि रोज काम करणारा माणूस. ज्याच्या दारात मोटरगाडी, त्यानं बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. म्हणून शर्यत सुटण्याआधी देवराव एकेका सायकलपाशी जात, कॅरियरवरून तळवा फिरवत आणि "सोडा" किंवा "बाजूला व्हा" म्हणत. त्यावर अपील नसे.

बक्षीस म्हणजे एक फिरती ढाल. शिसवी लाकडाची, वर पितळेचा पत्रा ठोकलेली, उचलताना माणसाला हुंकार यावा एवढी जड. जिंकणाऱ्याच्या गावात किंवा वस्तीत ती वर्षभर राही. लागोपाठ तीन वर्षं एकाच गावानं नेली, तर मग ती फिरायची थांबणार आणि कायमची तिथलीच होणार. असं आजवर कधी झालं नव्हतं.

सुरुवातीची वर्षं गवळ्यांची होती. पहाटे उठून तीन-तीन कॅना शहरात पोचवणाऱ्या त्या पोरांपुढे कोणाची डाळ शिजत नसे. मग एका वर्षी इंदोऱ्याच्या वस्तीतला, गिरणीत फिटर असलेला, तिशीतला देवराव पहिला आला. ज्या गावच्या विहिरीवर त्याच्या बापाला वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यावं लागलं होतं, त्याच गावची पोरं त्यानं मागे टाकली होती. दीक्षा घेऊन तेव्हा काही फार वर्षं झाली नव्हती. ढाल वस्तीत आली ती वाजतगाजत आली आणि विहाराशेजारच्या वाचनालयाच्या भिंतीवर लागली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती तिथंच मुक्काम करून होती. दोन वर्षं झाली की मधे एखादं वर्ष कुठं जाऊन यायची तेवढीच, जशी लेक माहेरपणाला जावी.

याचं कारण देवरावांना पक्कं ठाऊक होतं. गिरणीची पाळी सुटली की वस्तीतले सगळे पुरुष लकडगंजच्या टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीवर, जात आणि जळणाच्या मोळ्या सायकलवर लादून घरी आणत. घरच्याही आणि चार दुसऱ्यांच्याही. पुढे वस्तीत स्टोव्ह आले, मग गॅस आला. पोरं शिकली, कोणी शाळेत लागला, कोणी पोस्टात, आणि दारोदार लूना फटफटू लागल्या. ढाल पाववाल्यांकडे गेली. गेली दोन वर्षं ती काटोलकडच्या एका खेड्यात होती. तिथला चंद्रभान नावाचा जवान पोरगा संत्र्याची दोन-दोन डाली सायकलला बांधून मळ्यातून काटोलच्या बाजारात नेई. त्याच्या पिंढऱ्या बघितल्या की बाकीचे अर्धी शर्यत तिथंच हरत.

वाचनालयाच्या भिंतीवर ढालीच्या जागी आता एक खिळा होता आणि चुन्यातला एक उजळ चौकोन. देवराव पेपर वाचायला बसत ते त्या भिंतीकडे पाठ करून.

शर्यतीचे दुसरे पंच दत्तोपंत. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, धंतोलीत राहणारे. सायकलवर बसल्यास पडतील असे, पण सायकलच्या शर्यतींचं वेड असं की बर्डीच्या रद्दीवाल्याकडून परदेशी मासिकं किलोवर आणत आणि रेडिओचा कान पिळून पिळून कुठल्या कुठल्या देशाच्या बातम्या ऐकत. हिवाळ्यात संध्याकाळी देवराव त्यांच्याकडे जात. पंतांच्या पत्नी प्रेमिलाबाई चहा ठेवत आणि दोघं म्हातारे युरोपचा निकाल लावायला बसत. एका काळी फ्रान्सच फ्रान्स होतं, मग इटली का वर आली? इटली का उतरली आणि ते एवढंसं बेल्जियम सगळ्यांच्या डोक्यावर का बसलं? अलीकडे त्या डोंगरातल्या कोलंबियाचे काटकुळे पोरगे चढावर गोऱ्यांना धूळ का चारतात?

पंतांच्या मते हा रक्ताचा आणि हवेचा गुण. देवरावांच्या मते तो कॅरियरचा गुण. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत गवंडी, खाटकाचा नोकर, पाववाला सगळे सायकलवर होते, म्हणून इटली जिंकली. मग त्यांच्याकडे स्कूटर निघाली आणि इटली खाली उतरली. बेल्जियममध्ये शेतकऱ्यांची पोरं दगडी रस्त्यांवरून शाळेत जात, तोवर बेल्जियम. कोलंबियात आता कोणी तरी भाजी, कोणी दूध, कोणी आणखी काही डोंगरावर चढवत असणारच. हे शेवटचं त्यांनी कुठं वाचलं नव्हतं. पण त्यांना वाचायची गरजही वाटत नव्हती.

"ज्याच्या कॅरियरवर ओझं, त्याचा देश वर," ते म्हणत. "ओझं उतरलं का देश उतरला. तुमी इतिहास शिकवला पंत, मी मोळ्या वाहिल्या."

हा सिद्धांत सहा-सात हिवाळे बिनतोड चालला. पण गेल्या जुलैत एक विपरीत घडलं. युरोपातली सगळ्यांत मोठी शर्यत एका अमेरिकन पोरानं जिंकली. पंतांनी ही बातमी लोणच्याच्या फोडीसारखी जपून ठेवली आणि पहिल्या थंडीच्या दिवशी पुढ्यात वाढली.

"अमेरिकेत माणूस कोपऱ्यावरचा पाव आणायला मोटारीनं जातो, देवराव," ते म्हणाले. "मग त्या पोराच्या कॅरियरवर कोणतं ओझं होतं, तेवढं मला सांगा."

देवरावांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला आणि आज थंडी जास्त आहे असं म्हणाले. त्या दिवसापासून पंत त्यांना दारातच विचारत, अमेरिकेचं काय झालं? आणि देवराव म्हणत, पाहून राहिलो.

खरं तर त्या हिवाळ्यात त्यांचं चित्त अमेरिकेत नव्हतंच. ते घरात होतं, आपल्या रविंद्रवर. हा त्यांचा एकुलता मुलगा लकडगंजच्या एका बँकेत कारकून होता. बापाच्या लेखी कारकून म्हणजे खुर्ची उबवणारी जात. पण गेल्या वर्षी हाच कारकून कोणाच्या ध्यानीमनी नसताना शर्यतीत उतरला आणि चंद्रभानच्या मागे जेमतेम सायकलभर अंतरानं दुसरा आला. देवराव चक्रावले. नियमाप्रमाणे सुटण्याआधी त्यांनी मुलाच्या कॅरियरवरूनही हात फिरवला होता आणि तिथं त्यांना एक चौघडी घातलेली गोधडी बांधलेली लागली होती. तेव्हा त्यांनी फार विचार केला नाही. निकालानंतर मात्र डोक्यात प्रकाश पडला.

रविंद्रची बायको जया धंतोलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. लग्न झाल्यापासून रोज सकाळी रविंद्र तिला डबलसीट घेऊन इंदोऱ्याहून निघे, सदर मागे टाकून बर्डीचा चढ चढे, तिला धंतोलीत सोडे आणि तिथून उलटा लकडगंजला जाई. संध्याकाळी पुन्हा तेच. जया चांगली उंचनिंच, हाडापेरानं मजबूत, वर डब्याची पिशवी. गवळ्याच्या कॅना परवडल्या. देवराव हे आठवून आठवून एकटेच हसत. सुनेला ते आधीही जीव लावत, आता तर तिला पोळीवर तूप वाढायचा आग्रह करू लागले, आणि त्यात सगळीच माया होती असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

यंदा रविंद्र जिंकणार, यात त्यांना शंका नव्हती. आणि यंदा नाही जिंकला, तर चंद्रभानची तिसरी खेप, ढाल कायमची काटोलकडे. तो खिळा तसाच राहणार. आपण मरायच्या आधी ढाल एकदा पुन्हा त्या चौकोनात बघावी आणि ती पोरानं आणलेली असावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती, पण घरात ती सगळ्यांना माहीत होती. म्हातारी माणसं काय लपवतात, ते घरात सगळ्यांत आधी कळतं.

जानेवारी लागला आणि एका सकाळी विश्वनाथ दारात आला. हा स्कूटरच्या शोरूममध्ये नोकरीला होता आणि मागच्याच गल्लीत राहत होता. रविंद्रनं नोकरी लागल्या लागल्या स्कूटरसाठी नंबर लावला होता. त्याला इतकी वर्षं झाली होती की घरात कोणी त्याचं नावही काढत नसे. विश्वनाथ म्हणाला, नंबर लागला, गाडी आली आहे, या आणि घेऊन जा.

रविंद्र आणि जया नुकतेच कामावर गेले होते. रुखमाबाई, म्हणजे देवरावांची बायको, नळावर होती. देवराव एकटे ओट्यावर होते, आणि दारात मोटरगाडी आलेल्या माणसाचं काय करायचं हा नियम त्यांचाच होता. त्यांनी विश्वनाथला बसवलं, पाणी दिलं, घरची खुशाली विचारली आणि मग जांभई देत म्हणाले की सध्या घरात जरा गडबड आहे, सव्वीस तारीख होऊन जाऊ दे, मग बघू. विश्वनाथ म्हणाला, लोक या नंबरसाठी जीव टाकतात. देवराव म्हणाले, टाकू दे. तो गेल्यावर त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. दुपारी भाकर गोड लागली नाही, पण रात्रीपर्यंत त्यांनी मनाची समजूत घातली. इतकी वर्षं थांबली ती स्कूटर आणखी थोडी थांबली तर काय गंजते?

शर्यतीच्या आधीच्या रविवारी दुपारी रुखमाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. ती आज जरा जास्तच हळू निवडते आहे, हे देवरावांच्या लक्षात आलं.

"अवो, ऐकलं का," ती म्हणाली. "जयाले दिवस गेले."

देवरावांचं तोंड फुललं. लग्नाला पाच वर्षं होत आली होती, दोघंही म्हातारे रोज मनात हेच धरून होते. ते काही बोलणार तोच रुखमाबाईनं पुढचं सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जयाला बजावलं होतं की आता कॅरियरवर बसायचं नाही, हादरे बरे नाहीत. "रिक्शानं तरी रोज किती जाईन लेकरू? त्या स्कूटरचा नंबर काहून लागून नाही राहिला, तुमी एकडाव जाऊन पाहा ना."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं देवरावांचं झालं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, वाशांकडे पाहिलं आणि मग सगळं सांगून टाकलं. विश्वनाथ कधी आला, आपण काय म्हणालो, सगळं. रुखमाबाईचा हात सुपात थांबला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं सूप खाली ठेवलं आणि हे पोराला तुमच्याच तोंडानं सांगा, मी सांगणार नाही, असं म्हणून ती उठली.

रविंद्र आणि जया तिच्या माहेराहून रिक्शानं परत आले तेव्हा उन्हं कलली होती. देवराव अंगणात रविंद्रच्या सायकलपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मुलाला हाक मारली आणि जयालाही थांब म्हणाले. मग एका दमात, मान वर न करता, सांगितलं. आपल्याला माफ कर असं म्हणायचं होतं, पण बापाच्या तोंडातून ते निघालं नाही.

रविंद्रनं हातातली पिशवी ओट्यावर ठेवली.

"मले मालूम हाय, बाबा," तो म्हणाला. "विश्वनाथ बँकेत येत राह्यते ना. त्याच दिवशी दुपारी त्यानं सांगतलं."

देवरावांनी मान वर केली. त्यांना आधी नीट कळलंच नाही. रविंद्रला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जयालाही माहीत होतं. आणि गाडी शोरूममध्ये उभी असताना हा मुलगा रोज बायकोला मागे बसवून बर्डीचा चढ चढत होता, आणि घरी येऊन बापासमोर चकार शब्द काढत नव्हता.

"मीच म्हटलं याइले, मामाजी," जया म्हणाली. "सव्वीसपर्यंत थांबू म्हटलं. आताही थांबू. थोडे दिवस मी रिक्शानं जाते, काही होत नाही."

रविंद्रनं तर पुढचाही हिशेब केला होता. नियम दारातल्या गाडीचा आहे, गाडी अजून दारात आली नाही. सव्वीसला शर्यत, सत्तावीसला गाडी. यात खोटं काही नाही. डॉक्टरीणबाईंचा नियम मोडायचा नाही आणि बाबांचाही नाही.

देवरावांना मोह झाला, खोटं कशाला बोला. सगळे राजी होते, नियमाचा शब्दही त्यांच्या बाजूनं होता. शब्द तर त्यांनीच लिहिला होता. त्यांनी सवयीनं कॅरियरवर हात ठेवला. गोधडी बसून बसून कडेला विरली होती, आणि मधोमध एका माणसाच्या बसण्याचा खोलगट आकार झाला होता.

"गाडी उभी असतानी तिले वाहून काहून राहिला तू?" त्यांनी विचारलं. "माह्यासाठी?"

"तुमच्यासाठी, हो." रविंद्र जरा घुटमळला. "अन् खरं सांगू? मले आवडते बाबा. बर्डीच्या चढावर जया मांगून म्हणते, उतरू का. मी म्हणतो, बस. मंग वर पोचलो का अशी हवा लागते तोंडाले. तिथं मले तुमची ढाल आठवत नाही, काहीच आठवत नाही."

जया लाजून घरात गेली. देवराव कितीतरी वेळ मुलाकडे बघत राहिले. हा मुलगा ढालीसाठी झुरतो आहे असं ते समजत होते, बापावर उपकार करतो आहे असंही क्षणभर समजले होते. आणि तो आपला मजेत होता. मोळी उतरल्यावर पाठीला जसं गार लागतं, तसं त्यांना लागलं.

मग त्यांनी मुलाला एक जुनी गोष्ट सांगितली. नियम झाला त्या वर्षीची. सिव्हिल लाइन्सकडचा एका ठेकेदाराचा मुलगा आपल्या दूधवाल्याची सायकल मागून शर्यतीला आला होता. कॅरियरला पोचे अगदी रीतसर. पण पोराच्या घरी मोटार होती. देवरावांनी त्याला बाजूला केलं तेव्हा तो रडकुंडीला येऊन म्हणाला होता की एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे. वाईट नव्हता तो पोरगा. मेहनतही केली होती त्यानं. तरी देवराव ऐकले नव्हते, आणि वस्तीतल्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं.

"त्यानंही एकच दिवस मांगतला होता," देवराव म्हणाले. "तू नको उतरू, बाळा. उद्या गाडी घरी आण."

रविंद्रला हे लागलं. एवढी वर्षं ढाल ढाल करून तुम्हीच डोकं खाल्लं आणि आता हातातोंडाशी आल्यावर सोडता, असं तो एकदा बोललाही. रात्री तो जेवला, पण गप्प जेवला. दुसऱ्या दिवशी स्कूटर आली तेव्हा गल्लीतली पोरं भोवती जमली, रुखमाबाईनं सगळ्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं, जया मागे बसून एक चक्कर मारून आली आणि तिला हसू आवरेना. तिचं हसू बघून मग रविंद्रच्याही कपाळावरची आठी गेली. देवराव ओट्यावरून बघत होते. गाडी फिक्या निळ्या रंगाची होती आणि त्यांना ती फार सुंदर दिसली, हे त्यांना कबूल करावंच लागलं.

त्याच दुपारी ते पंतांकडे गेले आणि रविंद्रचं नाव काढा म्हणाले. पंतांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी सुचवलं की नियम दोघा पंचांचा आहे, दोघांनी मिळून यंदापुरता सैल केला तर कोण विचारतो? देवराव म्हणाले, पुढच्या वर्षी खुशाल बदला, स्कूटरवाले घ्या, साहेब घ्या, मीच हात वर करतो. पण ढाल जायची वेळ आली म्हणून नाही.

"आणि तुमच्या अमेरिकेचं उत्तर सापडलं, पंत," ते म्हणाले. "माह्याच घरी होतं. ज्याले ओझं टाकून देता येते, तरी मजेनं वाहते, असाही एक माणूस राह्यते. म्या तो हिशेबातच नव्हता धरला."

पंतांनी चष्मा काढून पुसला. हरल्यासारखं त्यांचं तोंड झालं, पण ते आनंदानंच हरले होते. प्रेमिलाबाईंना त्यांनी चहात आलं जास्त घालायला सांगितलं.

सव्वीस जानेवारीला नाक्यावर ऊन कोवळं होतं आणि गर्दी नेहमीसारखी. चंद्रभान आदल्या दिवशीच आला होता, ढाल कॅरियरला बांधून, पितळ चिंचेनं लखलखीत घासून. देवरावांनी त्याच्या कॅरियरवरून तळवा फिरवला. डाल्यांच्या दोरीनं लोखंडात घळ पाडली होती. "सोडा," ते म्हणाले. चंद्रभाननं मात्र मान वळवून वळवून ओळीतल्या सगळ्या सायकली बघितल्या आणि रविंद्र कुठं आहे, असं विचारलं. घरी स्कूटर आली, देवरावांनी सांगितलं.

शर्यत तशी शर्यत झालीच नाही. चंद्रभान परतला तेव्हा मागचा रस्ता बराच वेळ रिकामा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काटोलकडून आलेल्या चार-दोन माणसांनी गुलाल उधळला. देवरावांनी ढाल दोन्ही हातांनी उचलून त्याला दिली. त्यांना वाटलं होतं की या क्षणी आपल्याला फार वाईट वाटेल. थोडं वाटलंही, नाही असं नाही. वाचनालयातला तो चौकोन डोळ्यांपुढे आला. आता तिथं बाबासाहेबांची मोठी तसबीर लावावी, असं त्यांच्या मनात आलं आणि इतकी वर्षं हे कसं सुचलं नाही याचं त्यांना नवल वाटलं.

"आता तुमचीच," ते चंद्रभानला म्हणाले. "पुसत जाजो."

चंद्रभान हसला, पण त्याचा चेहरा पूर्ण खुलला नव्हता. "काका, मजा नाही आली," तो म्हणाला. "वर्षभर मी त्याच्यासाठी तयारी केली. डाली भरतानी मनात म्हणो, दोन संत्री जास्त टाक, तो मांगून येऊन राहिला."

तेवढ्यात रविंद्र आला. जयाला धंतोलीत सोडून तो स्कूटरवरून थेट नाक्यावर आला होता. त्यानं गाडी झाडाखाली लावली आणि चंद्रभानला मिठी मारली. दोघं काही तरी बोलले आणि हसले. देवराव ढाल कॅरियरला बांधत होते. दोरीची गाठ त्यांनी मोळीची मारली, ती रस्त्यात सैल होत नाही. बांधून झाल्यावर ते मागे सरले, तर रविंद्र त्यांचीच जुनी सायकल स्टँडवरून काढत होता.

"याले पुढच्या चढापर्यंत सोडून येतो, बाबा," तो म्हणाला. "गाडीकडे पाहजा."

आणि देवराव काही म्हणायच्या आत दोघं निघालेही. एकाच्या मागे जड ढाल, दुसऱ्याचं कॅरियर रिकामं. आधी गप्पा मारत शेजारी शेजारी चालले होते. मग चंद्रभान उठून उभा राहिला, तसा रविंद्रही पॅडलवर उभा राहिला. पंत टाचा उंचावून बघू लागले, लोक ओरडू लागले. देवरावांनी मुलाला असं चालवताना आजवर कधी नीट बघितलंच नव्हतं. दरवेळी ते कॅरियरकडेच बघत आले होते. त्याचे खांदे किती मोकळे होते, मान कशी ताठ होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. वळणावर झाडी आली आणि दोघं दिसेनासे झाले. पुढे कोण होतं ते कोणालाच सांगता आलं नाही.

गर्दी पांगली. पंत रिक्शा बघायला गेले. देवराव झाडाखाली स्कूटरजवळ उभे राहिले. थोड्या वेळानं पाय दुखले, म्हणून सीटवर टेकले. मग नीट दोन्ही पाय वर घेऊन बसले. रस्त्यानं गिरणीतला एक जुना सोबती सायकल ढकलत चालला होता. तो थांबला आणि गाडीकडे बघून म्हणाला, "कोणाची गा, देवराव?"

देवरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून हँडलवरची धूळ झटकली.

"आमची हाय," ते म्हणाले.